पिकाचा पैसा कोणत्या खात्यावर ठेवावा? ऑनलाईन बँक आणि शाखेची बँक : एक तुलना



नाशिक रोड हे नोटांचे गाव आहे. येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या आणि आजही चलार्थ पत्र मुद्रणालयात ते काम चालू आहे. पण याच गावाला लागून असलेल्या शिंदे, पळसे, चेहेडी, एकलहरे शिवारातील किंवा पलीकडच्या सिन्नर, निफाडमधील उत्पादकाच्या हातात आता कोरी नोट पूर्वीइतकी येत नाही. लिलाव होतो, हिशोबपट्टी हातात पडते आणि रक्कम बऱ्याच वेळा थेट बँक खात्यावर जमा होते. त्यामुळे पूर्वी कधी न पडलेला एक प्रश्न आता पडू लागला आहे. हा पैसा पुढचे पीक उभे राहीपर्यंत कोणत्या खात्यावर ठेवावा?

एकीकडे नेहमीची बँक आहे. शाखा ओळखीची आहे, पीक कर्ज तेथेच आहे, पण बचत खात्यावर व्याज थोडे मिळते. दुसरीकडे मोबाईलवर घरबसल्या खाते उघडून देणाऱ्या आणि दुप्पट-अडीचपट व्याज देऊ करणाऱ्या बँका आहेत. प्रशिक्षण वर्गात पिकाचा जमाखर्च मांडायला घेतला की हा विषय हमखास निघतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रकारच्या बँकांची स्पर्धा कशी चालते आणि तिचा फायदा आपण कसा घ्यावा, याची माहिती दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले उत्पादन आणि आपल्या वावरात निघालेले उत्पादन यांत जो फरक असतो, तोच जाहिरातीतील व्याजदर आणि वर्षअखेर खात्यावर जमा झालेले व्याज यांत असतो. जमीन, पाणी आणि हंगाम न पाहता वाण निवडू नये, त्याचप्रमाणे आपला पैसा किती दिवस राहतो, कधी लागतो आणि किती सुरक्षित आहे हे न पाहता बँक निवडू नये.

ऑनलाईन बँक म्हणजे नेमके काय?

परदेशात केवळ संगणकावर चालणाऱ्या, शाखा नसलेल्या बँका आहेत. भारतात रिझर्व्ह बँकेने केवळ डिजिटल बँक म्हणून स्वतंत्र परवाना दिलेला नाही. आपल्याकडे ज्यांना बोलीभाषेत 'ऑनलाईन बँक' म्हणतात, त्यांचे चार प्रकार पडतात.

१) मोठ्या बँकांची मोबाईलवरील खाती : कोटक महिंद्र बँकेने मार्च २०१७ मध्ये '८११' हे खाते सुरू केले. स्टेट बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये 'योनो' हे ॲप आणले. येथे बँक जुनीच असते, फक्त खाते उघडण्याचा मार्ग नवीन असतो.

२) लघु वित्त बँका : रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१५ मध्ये अशा १० बँकांना तत्त्वतः मान्यता दिली आणि २०१६ पासून त्या सुरू झाल्या. नवी मुंबईची सूर्योदय ही त्यांपैकी एक होय. या बँकांना शाखा असतात, परंतु ठेवी गोळा करण्यासाठी त्या मोबाईलचा मोठा वापर करतात. बचत खात्यावरील वरचे दर बहुधा याच गटात आढळतात.

३) पेमेंट बँका : या बँकांना कर्ज देता येत नाही. एका ग्राहकाची दिवसअखेरची शिल्लक २ लाख रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एप्रिल २०२१ पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. १ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक याच प्रकारातील आहे. तिचे काम पोस्टमनमार्फत घरापर्यंत पोहोचते.

४) केवळ ॲप : काही कंपन्या बँक नसतात. त्या फक्त मोबाईलवरील दर्शनी भाग चालवतात आणि खाते मागे दुसऱ्याच एखाद्या बँकेत असते. येथे 'माझा पैसा प्रत्यक्षात कोणत्या बँकेत आहे?' हा पहिला प्रश्न विचारावा. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेली फोनपेची सेवाही त्याच रात्री अडली आणि दुसरी बँक जोडल्यावर पूर्ववत झाली. दुकानाची पाटी आणि मालाचा धनी वेगळे असू शकतात, हे यावरून दिसून येते.

स्पर्धा कशी सुरू झाली?

पूर्वी बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवीत असे. १ मार्च २००३ पासून तो सर्व बँकांत ३.५ टक्के होता आणि मे २०११ मध्ये ४ टक्के झाला. बँक कोणतीही असो, दर एकच होता, त्यामुळे दरावरून बँक बदलण्याचा प्रश्नच नव्हता. २५ ऑक्टोबर २०११ पासून हे नियंत्रण उठले. १ लाखापर्यंतच्या शिलकीवर प्रत्येक बँकेने सर्वांना एकच दर द्यावा आणि त्यापुढील रकमेला शिलकीनुसार वेगळा दर देण्यास हरकत नाही, असे ठरले. येस बँकेने लगेच ६ टक्के दर जाहीर केला. मोठ्या बँका मात्र बरीच वर्षे ४ टक्क्यांवरच थांबल्या.

पुढे दोन गोष्टी घडल्या. पहिली, मोठ्या बँकांचे दर उतरत गेले. स्टेट बँकेने ३१ जुलै २०१७ रोजी दर ३.५ टक्के केला, २०२० मध्ये तो ३ टक्क्यांच्या खाली गेला आणि १५ जून २०२५ पासून २.५ टक्के झाला. दुसरी, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे नेणे सोपे झाले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू झाले. बचत खातेदाराने ऑनलाईन केलेल्या एनईएफटीवरील शुल्क जानेवारी २०२० पासून बंद झाले. पूर्वी खाते बदलायचे म्हणजे एक दिवस मोडे आणि धनादेश वटण्याची वाट पाहावी लागे. आता तीच रक्कम थोड्या वेळात दुसऱ्या खात्यावर जाते. बांध फुटला की पाणी उताराकडे जाते, तसा पैसा जास्त व्याजाकडे जाऊ शकतो, हे बँकांनाही कळून चुकले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी घरगुती बचत बँकांऐवजी अन्य गुंतवणुकीकडे वळत असल्याकडे बँकांचे लक्ष वेधले होते.

आपल्या ग्रामीण भागात आणखी एक कारण घडले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई करण्यात आली. ज्या शेतकऱ्याचे एकमेव खाते अशा बँकेत होते, त्याला दुसरे खाते असण्याची गरज त्या वेळी प्रकर्षाने जाणवली.

नव्या बँकांना जास्त व्याज परवडते कसे?

शाखा म्हटली की जागेचे भाडे, कर्मचारी, रोकड, पहारा असा खर्च आला. मोबाईलवरील खात्याला हा खर्च कमी येतो, हे एक कारण. परंतु तेवढेच कारण नाही. जुन्या बँकेकडे पगाराची, पेन्शनची आणि व्यापाऱ्यांची खाती वर्षानुवर्षे असतात. तो पैसा फारसा हलत नाही, म्हणून तिला दर वाढविण्याची निकड नसते. नव्या बँकेला मात्र कर्ज देण्यासाठी ठेवी नव्याने जमवाव्या लागतात. लघु वित्त बँका प्रामुख्याने छोटे व्यावसायिक आणि बचत गटातील महिलांसारख्या लहान कर्जदारांना कर्ज देतात. नियमाप्रमाणे त्यांची किमान निम्मी कर्जे २५ लाख रुपयांपर्यंतची असावी लागतात. अशा कर्जांवर व्याज जास्त मिळते, तशी वसुलीची जोखीमही जास्त असते. म्हणजेच आपल्याला मिळणारा जादा दर काही अंशी कमी खर्चातून येतो आणि काही अंशी जास्त जोखमीतून. दोन्ही कारणे ध्यानात ठेवावीत.

अमेरिका व कॅनडातील अनुभव येथे उपयोगी आहे. आयएनजी डायरेक्ट या बँकेने १९९७ मध्ये कॅनडात आणि २००० मध्ये अमेरिकेत जवळजवळ शाखांविना काम सुरू केले. थोड्याच योजना आणि बचतीवर चांगला दर, अशी तिची पद्धत होती. ग्राहक रोजच्या व्यवहाराचे खाते आपल्या जुन्या बँकेतच ठेवीत आणि शिल्लक पडलेला पैसा या बँकेत पाठवीत. २०१२ मध्ये तिचा अमेरिकेतील व्यवसाय कॅपिटल वन या बँकेकडे गेला. जुनी बँक न सोडता नव्या बँकेचा उपयोग करून घेण्याची ही रीत आपल्यालाही मानवण्यासारखी आहे.

व्याज कसे मोजतात?

दर पाहण्याआधी मोजण्याची पद्धत पाहावी. ३१ मार्च २०१० पर्यंत बँका महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या काळातील सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचे व्याज देत. समजा, १२ एप्रिलला ३ लाख रुपये जमा झाले आणि २८ जूनला काढले. पैसा ७७ दिवस बँकेत होता, पण एप्रिलमध्ये १० तारखेला शिल्लक नाही आणि जूनअखेर शिल्लक नाही, म्हणून व्याज फक्त मे महिन्याचे मिळे. ३.५ टक्क्यांनी ते ८७५ रुपये होत असे. १ एप्रिल २०१० पासून व्याज दररोजच्या शिलकीवर मोजतात. त्यामुळे त्याच रकमेवर, त्याच दराने, ७७ दिवसांचे सुमारे २,२१५ रुपये होतात. दर न बदलताही उत्पन्न अडीचपट झाले. शेतकऱ्याचा पैसा पगारासारखा १ तारखेला येत नसल्यामुळे या बदलाचा त्याला विशेष लाभ झाला.

टपाल कार्यालयाच्या बचत खात्यात मात्र १० तारखेची जुनी पद्धत कायम आहे. तेथे डिसेंबर २०११ मध्ये दर ४ टक्के झाला आणि २०२५ मध्येही तोच होता. तेथे पैसे भरायचे असल्यास १० तारखेच्या आत भरावेत आणि महिना संपण्यापूर्वी काढू नयेत, अन्यथा ४ टक्के प्रत्यक्षात पडत नाहीत.

दुसरी बाब टप्प्यांची. पुष्कळ नव्या बँकांचा जाहीर केलेला सर्वोच्च दर मोठ्या शिलकीलाच असतो. उदाहरणासाठी समजा, १ लाखापर्यंत ३ टक्के, १ ते ५ लाखांच्या टप्प्याला ५ टक्के आणि त्यावरील रकमेला ७ टक्के असे दर आहेत. फलकावर '७ टक्के' लिहिलेले असते. आपण ४ लाख रुपये वर्षभर ठेवले तर पहिल्या लाखाचे ३,००० आणि उरलेल्या तीन लाखांचे १५,००० असे १८,००० रुपये मिळतील. म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात ४.५ टक्केच दर पडला. यासाठी 'माझ्या एवढ्या शिलकीवर वर्षाला रुपये किती?' असे विचारावे. टक्के विचारू नयेत.

आता आपल्या पिकाच्या पैशाचे गणित करू. समजा, कांद्याचे ३ लाख रुपये आले. पहिले ६० दिवस पूर्ण रक्कम राहिली. नंतर मजुरी, खते व घरखर्चासाठी १ लाख काढले आणि पुढील ६० दिवस २ लाख राहिले. त्यानंतरचे ६० दिवस १ लाख राहिले.

तक्ता क्र. १ : तीन लाखांच्या रकमेवर १८० दिवसांचे व्याज

२.५ टक्के दराने : रु. २,४६६
६ टक्के दराने (पूर्ण रकमेवर मिळाल्यास) : रु. ५,९१८
फरक : रु. ३,४५२

हे ३,४५२ रुपये थोडे नाहीत. ते कष्ट न करता मिळणारे आहेत आणि सोडू नयेत. परंतु याच रकमेशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. ३ लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीक कर्जाला ७ टक्के दर असतो आणि मुदतीत परतफेड करणाऱ्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळते. ३ लाखांच्या कर्जावर वर्षाची ही सवलत ९,००० रुपये होते. त्याशिवाय राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्यावरील उरलेला भारही निघून जातो. जास्त व्याजाच्या मोहाने पैसा दुसरीकडे अडकला आणि कर्जाची मुदत चुकली, तर साडेतीन हजार मिळवताना नऊ हजारांहून अधिक जातात. म्हणून कर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी रक्कम कर्जाच्या बँकेत आणून ठेवावी.

तसेच कृषी सेवा केंद्राची उधारी किंवा हातउसने पैसे दरमहा २ टक्क्यांनी चालू असतील, तर तो वर्षाचा २४ टक्के दर झाला. अशी उधारी असताना ६ टक्क्यांच्या खात्यात पैसे ठेवणे म्हणजे फुटक्या पाटाने पाणी देण्यासारखे आहे. प्रथम उधारी फेडावी, हीच सर्वांत जास्त व्याजाची बचत होय.

शाखेच्या बँकेची जमेची बाजू

जुन्या बँका दर वाढवून फारशी स्पर्धा करीत नाहीत. त्या सेवेवर करतात. पीक कर्ज, ट्रॅक्टर व ठिबकसाठी मुदत कर्ज, दागिने तारण, लॉकर, धनादेश, रोख भरणा ही कामे शाखेतच होतात. मजुरांना आठवडे बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते, किरकोळ भाजी विक्रीचा पैसा रोख येतो. तो मोबाईलमधून भरता येत नाही. नाशिक रोड देवळाली व्यापारी सहकारी बँकेसारख्या स्थानिक सहकारी बँकांचे बळ माणसांच्या ओळखीत असते. दैनिक ठेवीचा प्रतिनिधी दुकानावर किंवा गाळ्यावर येऊन रक्कम नेतो, ही सोय ॲपला जमलेली नाही.

शाखेच्या बँकेतही व्याज वाढवता येते. अनेक बँकांत ठरावीक रकमेवरील शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळती होण्याची सोय असते. सलग सहा महिने न लागणारी रक्कम तेथेच मुदत ठेवीत ठेवल्यास बचत खात्यापेक्षा जास्त दर मिळतो. ही सोय मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही, म्हणून शाखेत जाऊन विचारावे.

मात्र आपण ज्या बँकेचे कर्जदार आहोत, त्या बँकेला थकीत कर्जापोटी करारातील अटींनुसार आपल्या बचत खात्यातील रक्कम वळती करून घेता येते. हे लक्षात घेता पुढील हंगामाच्या बियाण्या-खतांची रक्कम वेगळ्या बँकेत असणे काही वेळा सोयीचे ठरते. अर्थात हा कर्ज बुडविण्याचा मार्ग नव्हे.

पैसा बुडण्याची भीती कोठे जास्त?

'शाखा आहे म्हणजे पैसा सुरक्षित' आणि 'ऑनलाईन आहे म्हणजे धोका' या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेला शाखा होत्या, तरी २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला केवळ १,००० रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी लघु वित्त बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरील ठेवी परत करण्याची योजना १० वर्षांपर्यंत लांबली. येस बँकेत मार्च २०२० मध्ये ५०,००० रुपयांची मर्यादा आली. ती १८ मार्चला उठली. पेटीएम पेमेंट्स बँकेला रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या आदेशाने १५ मार्च २०२४ नंतर नवीन रक्कम स्वीकारता आली नाही. असलेली शिल्लक मात्र खातेदारांना काढता येत होती. या तिन्ही बँका वेगवेगळ्या प्रकारच्या होत्या.

खरा आधार ठेव विम्याचा आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर ही योजना आली आणि १ जानेवारी १९६२ पासून महामंडळाचे काम सुरू झाले. तेव्हा विमा १,५०० रुपयांचा होता, १९९३ मध्ये १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाला. याबाबत पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जाते.
२) एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतील आपल्या नावावरील सर्व ठेवी एकत्र मोजल्या जातात. वेगळ्या बँकेतील ठेवींना स्वतंत्र विमा असतो.
३) राष्ट्रीयीकृत, खाजगी, लघु वित्त, पेमेंट, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना विमा लागू आहे.
४) पतसंस्था आणि विकास सोसायटीतील ठेवींना हा विमा नाही. पतसंस्थेचा जादा दर पाहताना हे विसरू नये.
५) १ सप्टेंबर २०२१ पासूनच्या तरतुदीनुसार बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावयाची असते. म्हणजे पैसा मिळेल, पण पेरणीच्या दिवशी मिळेल असे नाही. त्यामुळे हंगामाचा सर्व पैसा एकाच बँकेत ठेवू नये.

मोबाईलवर खाते उघडताना

अनेक शेतकऱ्यांची अडचण खाते उघडल्यानंतर सुरू होते. केवळ आधार आणि मोबाईलवर आलेल्या ओटीपीने उघडलेल्या खात्यात एकूण शिल्लक १ लाखापेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि आर्थिक वर्षात २ लाखांपेक्षा जास्त जमा घेता येत नाही. वर्षाच्या आत पूर्ण ओळख पडताळणी न केल्यास खाते पुढे वापरता येत नाही. अशा खात्याचा क्रमांक आडत्याला देऊन ३ लाखांचा भरणा मागितल्यास तो अडकणारच. त्यामुळे व्हिडिओद्वारे किंवा प्रत्यक्ष जाऊन पूर्ण पडताळणी करून घ्यावी आणि मगच मोठी रक्कम पाठवावी.

दुसरी बाब आधार जोडणीची. पीएम किसान आणि अन्य अनुदाने आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. नवीन खाते उघडताना 'अनुदान या खात्यात घ्यावे' या ओळीला नकळत संमती दिली, तर हप्ता नव्या खात्यात जातो आणि आपण जुन्या शाखेत पासबुक भरून घेत राहतो. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेबाबत अशी तक्रार झाली होती. ग्राहकांचे गॅस अनुदान त्यांना माहिती नसताना नव्या खात्यात जमा झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्या बँकेची आधारवरील पडताळणी थांबवली. यासाठी अनुदानाचे खाते बदलावयाचे नसल्यास त्या ठिकाणी स्पष्ट नकार द्यावा.

तिसरी बाब घरच्यांच्या माहितीची. पासबुक पेटीत असते, ते घरातल्या कोणाच्याही हाती लागते. ॲपमधील खात्याचा घरात मागमूस नसतो. खातेदाराचे अकस्मात काही झाले तर तो पैसा कुटुंबाला सापडत नाही. नामनिर्देशन पहिल्याच दिवशी करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. बँकेचे नाव व खाते क्रमांक वहीत लिहून घरातील जबाबदार व्यक्तीस सांगावे. पिन किंवा पासवर्ड मात्र लिहू नये.

फसवणुकीपासून सावध राहावे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपल्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा करावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश होते. खाते उघडण्यापूर्वी हा शेवट पाहावा. पैसे गेल्याचे कळताच बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर नुकसान येत नाही. आपणच ओटीपी सांगितला असल्यास मात्र कळवीपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.

पैशाची विभागणी कशी करावी?

वरील सर्व बाबींचा विचार करता एकच खाते सर्व कामांना योग्य ठरत नाही. पाण्याच्या पाळ्यांप्रमाणे पैशाचेही तीन भाग करावेत.

१) दोन महिन्यांत लागणारा पैसा : मजुरी, औषधे, घरखर्च. तो जवळच्या शाखेच्या बँकेत ठेवावा. येथे व्याजापेक्षा वेळेला महत्त्व आहे.
२) दोन ते सहा महिन्यांनी लागणारा पैसा : पुढील पिकाचे बियाणे, खते, छाटणीचा खर्च. तो पूर्ण पडताळणी केलेल्या, विमा असलेल्या आणि आपल्या शिलकीवर खरोखर जास्त रुपये देणाऱ्या बँकेत ठेवावा. रक्कम ५ लाखांच्या बरीच आत असावी.
३) सहा महिन्यांपलीकडचा पैसा : बचत खात्यात ठेवूच नये. दोन बँकांत विभागून मुदत ठेव करावी आणि मुदत कर्जफेडीच्या तारखेआधी संपेल अशी निवडावी.

नव्या बँकेत प्रथम ५,००० रुपये पाठवून पाहावेत आणि लगेच परत जुन्या खात्यावर आणून पाहावेत. नवीन वाण आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो, तसेच हे आहे. दर तीन महिन्यांनी व्याज किती जमा झाले ते वहीत लिहावे, कारण बचत खात्याचा दर बँक केव्हाही बदलू शकते. तसेच शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी बँकेचे व्याज शेतीच्या उत्पन्नात धरले जात नाही, ही बाब विवरणपत्र भरताना ध्यानात ठेवावी.

बँकांच्या या स्पर्धेत शेतकऱ्याची ठेव लहान दिसली तरी तिला आता गिऱ्हाईक आहे. बाजारात दोन व्यापारी बोली लावू लागले की मालाला भाव मिळतो. पण बोली कितीही वर गेली तरी पट्टीचे पैसे वेळेवर देणाऱ्यालाच आपण पुन्हा माल देतो. पैशाच्या बाबतीतही हाच व्यवहार ठेवावा. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामाची पट्टी हाती येण्यापूर्वीच आपली खाती, कर्जाच्या तारखा आणि नामनिर्देशन तपासून घ्यावे आणि मगच जादा व्याजाचा लाभ घ्यावा.